परसबागेचा पहिला वाफा

आमच्या आजीचे शेतीविषयक सारे ज्ञान मृग नक्षत्रापासून सुरू होई. मृग लागला की भेंडी टोचावी, दोडक्या-पडवळाचे बी मांडवाशेजारी लावावे, असे ती सांगे. तिच्या वडीलधाऱ्यांनी कोकणातून आणलेले हे ज्ञान कोकणापुरते अचूकच होते. परंतु मृग म्हणजे जून महिना, आणि मॉरिशसमध्ये जून म्हणजे थंडीचा आरंभ! क्यूर्पिपच्या गारठ्यात टोचलेली भेंडी रुसलेल्या मुलासारखी उभी राहते, वाढत मात्र नाही. उसाच्या मळ्यातील दिवसभराचे कष्ट आटोपून आपल्या पूर्वजांनी घरामागच्या दगडाळ भुईत भाजी लावली, तेव्हा ऋतूंचे हे उलटे गणित त्यांना किती बियाणे वाया घालवून उमगले असेल!

मीही ते चुकूनच शिकलो. आम्हा शिक्षकांना मोठी सुटी मिळते ती वर्षअखेरीस. त्या सुटीत, ऐन उन्हाळ्यात, मी हौसेने फुलकोबी लावली. पाने हातभर वाढली, अळ्या तृप्त झाल्या, गड्डा काही धरला नाही. फुलकोबी ही थंडीची भाजी. शिवाय ती जाणत्या हाताची.

नवशिक्या बंधुभगिनींनी पहिल्या वाफ्यात माठ लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बाजारात त्यास ‘ब्रेद मालबार’ म्हणतात. एकेकाळी आपल्या लोकांनाही येथे ‘मालबार’ म्हणूनच संबोधीत. बी फार बारीक असते, म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळून विरळ फेकावे व वर मातीचा केवळ हात फिरवावा. खोल गेलेले बी उगवत नाही. उन्हाळ्यात चौथ्या आठवड्यात भाजी खुडता येते. थंडीत अधिक दिवस लागतात. म्हणून गणेशचतुर्थीच्या नैवेद्यास घरचा माठ हवा असेल, तर सहा आठवडे आधीच पेरणी करावी. कोकणात त्या दिवसांत परसू आपोआप ओसंडत असते. आपल्याला मात्र दिनदर्शिका पाहावी लागते. पाऊस पडून गेलेल्या रात्री दिवा घेऊन ‘कुर्पा’, म्हणजे मोठ्या गोगलगायी, वेचाव्यात. मुलांना हे काम फार आवडते.

शेवग्याची जाड फांदी जमिनीत रोवली तरी जगते. तिच्या पानांची, ‘ब्रेद मुरूम’ची, भाजी करावी. कोंब फुटलेला शूशू अर्धा मातीत पुरला की उंच भागात त्याचा वेल कुंपणभर पसरतो. भेंडी व दोडका, म्हणजे आपले ‘लालो’ आणि ‘पिपंगाय’, यांस सप्टेंबरपर्यंत थांबावे. टोमॅटोचा मोह पावसाळी उन्हाळ्यात टाळावा, करपा त्यास सोडत नाही.

चक्रीवादळाच्या महिन्यांत मांडव कोसळतात, हे ज्यांच्या घरी १९६० च्या ‘कॅरोल’च्या आठवणी निघतात त्यांना सांगावयास नको. वादळानंतर बाजारात भाजी महागते. अशा वेळेसाठी मूठभर माठाचे बी कोरड्या बाटलीत, घट्ट बूच लावून, स्वयंपाकघरातील फळीवर ठेवलेले असावे. पाणी ओसरले, वाफा हाताने मोकळा केला आणि ते फेकले, की महिन्याभरात तव्यावर लसणीची फोडणी पडते.