फेरफार, कमिट आणि रोलबॅक

प्रोग्रामला रिलेशनल डेटाबेसशी जोडण्याची जुनी आणि अतिशय शिस्तीची पद्धत म्हणजे एम्बेडेड एसक्यूएल. सी किंवा कोबोल भाषेतल्या प्रोग्राममध्येच डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेतल्या आज्ञा लिहायच्या आणि दोन्ही भाषांकडून मिळून एक काम करून घ्यायचे, अशी ही रीत आहे.

रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडून समान किंमतींच्या दुव्यांनी जोडण्याची, कल्पना आयबीएमच्या एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडली. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला तशी मांडणी संगणकाच्या आधीपासून ठाऊक आहे. धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीच्या एखाद्या गटाचा सातबारा पाहावा. गाव नमुना 7 मध्ये जमीन कोणाची ते असते, नमुना 12 मध्ये पीक असते. खातेदाराची गावातली सगळी जमीन 8अ मध्ये एकत्र येते आणि हक्कातला प्रत्येक बदल नमुना 6 च्या फेरफार नोंदवहीत उतरतो. या नमुन्यांना जोडतात ते गट नंबर, खाते नंबर आणि फेरफार नंबर. सातबाऱ्यावर नावाजवळ कंसात छापलेला आकडा म्हणजे नोंदवहीतल्या ओळीचा पत्ताच.

असे तक्ते डेटाबेसमध्ये आहेत असे धरून पुढचे उदाहरण समजावण्यापुरते घेतले आहे. भूमी अभिलेखांची प्रत्यक्ष प्रणाली याहून कितीतरी मोठी आहे. गट नंबर देऊन क्षेत्र विचारायचे, तर प्रोग्राममध्ये ‘एक्झेक एसक्यूएल’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य लिहितात. सीच्या कंपायलरला हे शब्द कळत नाहीत. म्हणून आधी प्रीकंपायलर फाइल वाचतो, अशी वाक्ये वेचतो आणि त्यांच्या जागी डेटाबेसच्या लायब्ररीतल्या फंक्शनना केलेले कॉल घालतो. मग उरतो तो शुद्ध सीचा प्रोग्राम. वाक्यरचनेतल्या चुका याच टप्प्यावर सापडतात, प्रोग्राम गावोगाव चालू झाल्यावर नव्हे.

दोन भाषांमधली देवघेव होस्ट व्हेरिएबलमधून होते. प्रोग्राममधल्या व्हेरिएबलच्या नावाआधी कोलन दिला की ते एसक्यूएलच्या वाक्यात वापरता येते. गट नंबर कोलन लावून आत जातो, क्षेत्र ‘इन्टू’ या शब्दापुढच्या व्हेरिएबलमध्ये बाहेर येते. पण पिकाचा रकाना रिकामाच असेल तर? पीक पाहणी झालेलीच नाही आणि रान पड आहे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पड’ ही नोंद आहे. नोंदच नसणे म्हणजे नल. सीच्या साध्या व्हेरिएबलमध्ये नल मावत नाही, म्हणून सोबत इंडिकेटर व्हेरिएबल देतात. त्यात उणे एक आले, तर किंमत नाही असे समजायचे. हे तपासायचे राहिले तर जुना किंवा निरर्थक मजकूर पीक म्हणून छापला जाऊ शकतो, आणि पीकविम्याच्या वेळी त्याचा त्रास शेतकऱ्याला होतो.

एका गटावर चार भावांची नावे असली की आणखी एक अडचण येते. डेटाबेस उत्तर देतो ते ओळींच्या संचात. सीचा प्रोग्राम मात्र एका वेळी एकच ओळ हाती घेतो. ‘सिलेक्ट इन्टू’ला चार ओळी मिळाल्या तर तो चूक दाखवतो. त्यासाठी कर्सर असतो: तो जाहीर करायचा, उघडायचा, ‘फेच’ने एकेक ओळ घ्यायची आणि शेवटी बंद करायचा. ओळी संपल्या की एसक्यूएलकोड या व्हेरिएबलमध्ये 100 येतो. शून्य म्हणजे काम झाले, उणे आकडा म्हणजे चूक.

या पद्धतीची खरी कसोटी लागते ती फेरफाराच्या वेळी. खरेदीखत झाले, नोटीस निघाली, हरकतीची मुदत संपली आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली, की डेटाबेसमध्ये अनेक बदल करावे लागतात. नोंदवहीतली नोंद प्रमाणित दाखवायची, विकणाऱ्याच्या नावे असलेले क्षेत्र कमी करायचे, घेणाऱ्याचे नाव चढवायचे, दोघांच्या खात्यांची बेरीज बदलायची. दुसऱ्या पायरीनंतर वीज गेली तर जमीन कोणाच्याच नावावर राहणार नाही. म्हणून हे सगळे बदल एकाच व्यवहारात, म्हणजे ट्रान्झॅक्शनमध्ये, बांधतात. प्रत्येक आज्ञेनंतर कोड पाहायचा. सगळे नीट झाले तरच ‘कमिट’, कुठे बिनसले तर ‘रोलबॅक’. कमिटआधीच वीज गेली, तर डेटाबेस पुन्हा सुरू होताना अर्धवट बदल स्वतःच पुसतो. अर्धा झालेला फेरफार न झालेल्या फेरफारापेक्षा वाईट, हे ज्याला पटले त्याला ट्रान्झॅक्शन समजले.

पुढे डेटाबेसशी जोडणी करण्यासाठी ओडीबीसी आणि जावासाठीची जेडीबीसी आली. त्यांत क्वेरी हा प्रोग्राममधला साधा मजकूर असतो, त्यामुळे प्रीकंपायलर लागत नाही. सोय वाढली, पण धोकाही वाढला. वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर थेट क्वेरीला चिकटवला, तर गट नंबरच्या चौकटीतून कोणी आज्ञाच घुसवू शकतो. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. एम्बेडेड एसक्यूएलच्या ठरीव वाक्यात क्वेरी आधीच पक्की असते आणि कोलनमागून येणारी गोष्ट फक्त किंमत म्हणूनच पोहोचते. आजच्या प्रीपेअर्ड स्टेटमेंटमधले प्रश्नचिन्ह हेच काम करते. ते न वापरता वेब ॲप्लिकेशन लिहिणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

ओरॅकलचे प्रो-सी, आयबीएमचे डीबी2 आणि पोस्टग्रेसचे ईसीपीजी यांत ही पद्धत आजही वापरता येते. यांपैकी पोस्टग्रेस विनामूल्य आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्यावर सातबारा, खाते आणि फेरफार असे तीन तक्ते करावेत, एक खरेदीची नोंद लिहावी आणि कमिटच्या आधी प्रोग्राम मुद्दाम बंद पाडून तिन्ही तक्ते तपासून पाहावेत.