माळवदाचा खण आणि उजनीचा काठ

निसर्ग उद्यानातल्या पर्यटक केंद्रासाठी निसर्गाला न ओरबाडता लाकडी बांधकाम कसं करावं, असा विषय संपादकांनी दिला. या विषयातलं जगातलं नाव म्हणजे नॉर्वेतली ब्रुमुंडाल गावची अठरा मजली लाकडी इमारत. २०१९ साली पुरी झालेली, ८५ मीटर उंच. पण तिथलं लाकूड, तिथली हवा आणि तिथले कारखाने आपल्याकडे नाहीत. म्हणून मी जेऊरची गाडी धरली.

जेऊर करमाळा तालुक्यात, पुणे-सोलापूर लोहमार्गावर. उजनी धरणाचा फुगवटा इथून जवळ. त्याच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात, थंडीत हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात. दुसरीकडे गवताळ माळरानं आणि १९७९ साली जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य. त्याची हद्द करमाळा तालुक्यातही येते. माळढोक आता दिसला तर बातमी होते. उजनीच्या जलपर्यटनाचे बेत वरचेवर निघतात. पक्षी पाहायला येणाऱ्यांसाठी उद्या इथे केंद्र उभं राहिलं, तर ते सिमेंटचा ठोकळा नसावा असं मला मनापासून वाटतं. कारण लाकडी घराची पक्की रीत याच भागात आहे. ती म्हणजे माळवद.

पाऊस जेमतेम, उन्हाळा चाळिशीच्या पुढचा आणि माती हवी तेवढी. अशा मुलखात उतरतं कौलारू छप्पर लागतच नाही. सपाट मातीचं धाबं पुरतं. उन्हाळ्यात रात्री त्यावर झोपायचं, सुगीत धान्य वाळवायचं. घर किती मोठं हे खणांत सांगायचं: पाच खणी, सात खणी. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण. खालून वर मोजत गेलं तर तळखडा, खांब, तुळई, आडव्या कड्या, त्यांवर दाटीने किलचण, मग पाला, चिखल आणि शेवटी पाणी न मुरणाऱ्या पांढऱ्या मातीचा थर. मधे उजेडासाठी साणं, कडेला पन्हाळ. वर्णन एवढं पुरे. मला गुंतवून ठेवलं ते खांबाच्या दोन टोकांनी.

जेऊरजवळच्या एका गावात जुनं माळवद उतरवण्याचं काम चालू होतं. वरची माती ओढून झाली होती आणि लाकडाचा सांगाडा उघडा पडला होता. भिंती अर्ध्या पाडलेल्या, तरी खांब आणि तुळया जागच्या जागी. काम बघणारे सुतार मिस्त्री सत्तरीच्या पुढचे. त्यांनी मला आधी खाली बसवलं आणि तळखडा दाखवला. घडीव काळा दगड, मधोमध उथळ खळगा, त्यात खांबाच्या बुडाची कूस बसलेली. "ह्यो खांब मातीत पुरायचा न्हाई," मिस्त्री म्हणाले. "मातीत गेला की वाळवी आलीच. दगडावर हाय, म्हणून आज्जाच्या वक्ताचा नातवाला दिसतोय."

मग शिडी लावली. खांबाच्या डोक्यावर हातभर लांबीचा आडवा लाकडी ठोकळा, त्याच्या दोन्ही बाजू नक्षीने उतरत्या केलेल्या. दोन तुळयांची टोकं त्याच्या पाठीवर येऊन भिडतात. ठोकळ्यामुळे तुळईला लांबवर टेकू मिळतो, म्हणून ती मधे वाकत नाही. खांबाची कूस ठोकळ्यातून आरपार तुळयांच्या सांध्यात शिरलेली आणि फटीत बाभळीची पाचर. खिळा एकही नाही. मिस्त्रींनी पाचरीला दोनदा ठोकलं, ती ढिली झाली आणि सांधा सुटा झाला. जे ठोकून घट्ट होतं तेच ठोकून सुटतं, त्यामुळे घर मोडताना लाकूड फुटत नाही.

या सुटेपणाचा अर्थ उजनीकाठच्या माणसांना सांगावा लागत नाही. भीमेवरचं धरण १९८० साली पुरं झालं आणि काठची गावं पाण्याखाली गेली. दगडी भिंती तिथेच राहिल्या. लोकांनी तुळया, खांब, चौकटी गाड्यांत घातल्या आणि नव्या गावठाणात पुन्हा उभ्या केल्या. पाणी आटलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ आजही वर येतं. लाकूड मात्र केव्हाच माणसांबरोबर निघून गेलं. वाळलेल्या लाकडाच्या वजनातला निम्मा भाग कार्बन असतो. झाडाने हवेतून घेतलेला तो कार्बन, लाकूड जळेपर्यंत किंवा कुजेपर्यंत त्यातच राहतो. एक तुळई तीन घरांना पुरली, तर दोन झाडं उभी राहिली.

नवं लाकूड लागलंच, तर वेडी बाभूळ आहे. बाहेरून आलेलं हे झाड दख्खनच्या गवताळ रानांत घुसलं आहे, आणि माळरान जपायचं तर ते काढावंच लागतं. ते आज सरपणात आणि कोळशात जातं. त्याचं लाकूड जड, टणक आणि वाळताना फारसं न वळणारं. खोड वाकडं आणि आखूड असल्याने तुळई त्यातून निघणार नाही. पण किलचण, पाचरी, फरशीच्या पट्ट्या, बाकं नक्की होतील. माळढोकाच्या माळावरून काढलेल्या झाडांनी त्याच माळाची गोष्ट सांगणारं केंद्र बांधावं, याहून रास्त काम मला दुसरं सुचत नाही.

आता अडचणी, आणि त्या किरकोळ नाहीत. पहिली किल्लारीच्या भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं गेली ती अशाच घरांत. गळती थांबवायला दरसाल माती चढवत गेल्याने धाबी दोन-अडीच फूट जाड झाली होती आणि भिंती मातीत रचलेल्या गोट्यांच्या होत्या. त्या भिंती आत कोसळल्या आणि माणसं त्यांखाली गाडली गेली. पण तिथेच अभियंत्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: जिथे छताचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती पडूनही सांगाडा पुष्कळदा उभा राहिला. म्हणून लाकूड ठेवा, मातीचा थर पातळ करा, त्याखाली पाणी अडवणारा थर घाला, भिंती हलक्या ठेवा आणि त्यांना आडवे पट्टे बांधा. खण तोच, ओझं कमी. हे अभियंत्याच्या सहीशिवाय करायचं नाही, आणि या बाबतीत जुन्या रीतीचं कौतुक आड येऊ देऊ नये.

दुसरी अडचण वाळवीची. तळखडा तिला अडवतो. पण मातीचं छत लाकडावर टेकलेलं असतं, आणि ओल राहिली की वरूनही कीड लागते. दर पावसाळ्याआधी छतावर माणूस चढलाच पाहिजे. सरकारी इमारतीला उद्घाटनाचा निधी मिळतो, डागडुजीचा मिळत नाही.

तिसरी सर्वांत अवघड. मिस्त्रींची मुलं पुण्याकडे फर्निचरच्या कामाला आहेत. तिथे प्लायवूड कापतात, तुळई तासत नाहीत. जपानमध्ये इसे इथलं लाकडी देवालय दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. मागचं २०१३ साली झालं. त्यामुळे एका पिढीचा सुतार पुढच्या पिढीच्या हाताला हात लावून शिकवतो. आपल्याकडे माळवद फक्त मोडलं जातं, म्हणून शिकणारे फक्त मोडायला शिकतात. उजनीकाठचं एक केंद्र बांधताना चार तरुण या मिस्त्रींच्या हाताखाली राहिले, तर बांधणारे आठ हात तरी तयार होतील.

तोवर एक काम कुणालाही करता येईल. करमाळा, माढा, इंदापूर भागात तुमच्या घरचं माळवद उतरवायचं ठरलं असेल, तर जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला फोन करण्याआधी गावातल्या सुताराला बोलवा. कुठला खांब कुठल्या तुळईखाली होता त्याच्या खुणा लाकडावरच करा, फोटो काढा, मापं लिहून ठेवा आणि लाकूड पावसात पडू देऊ नका.