आंगोव्हीलचे चर्च

आपल्याकडे गाव तिथं देऊळ, तसं फ्रान्समध्ये खेडं तिथं चर्च. अशाच एका लहानशा चर्चची ही हकीगत आहे.

उत्तर फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात, समुद्रापासून थोड्या अंतरावर, आंगोव्हील-ओ-प्लँ हे खेडं आहे. तिथलं दगडी चर्च आठ-नऊशे वर्षांचं जुनं. ते कोस्मास आणि दामियन या दोन संतांच्या नावानं ओळखलं जातं. हे भाऊ वैद्य होते आणि रोग्याकडून पैसा घेत नसत, असं ख्रिस्ती परंपरा सांगते.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात होता. तो सोडवण्यासाठी ६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांचं सुमारे दीड लाख सैन्य नॉर्मंडीत उतरलं. त्याआधी, रात्रीच्या अंधारातच, हजारो सैनिकांनी विमानांतून हवाई छत्र्यांनी उड्या घेतल्या होत्या. रॉबर्ट राइट आणि केनेथ मूर हे अमेरिकन तरुण त्यांच्यातलेच. ते डॉक्टर नव्हते. जखमींची मलमपट्टी करण्यापुरतं शिकलेले होते.

दोघांनी या चर्चमध्ये दवाखाना थाटला. बाकं हाच बिछाना. नियम एकच : हत्यार दाराबाहेर ठेवायचं. जखमी कुणाच्या बाजूचा, हे विचारायचं नाही.

पुढं अमेरिकन फौजेला मागं हटावं लागलं. हे दोघे मात्र जखमींना टाकून गेले नाहीत. थोड्याच वेळात जर्मन अधिकारी आत आला. पाहतो तो काय, अमेरिकनांच्या शेजारी त्याचीच माणसं उपचार घेताहेत! तो बाहेर पडला आणि दारावर रेडक्रॉसची खूण लावून गेला.

या खुणेमागं एक करार आहे. १८६४ साली जिनिव्हात राष्ट्रांनी ठरवलं, की जखमी सैनिक कोणत्याही पक्षाचा असो, त्याची शुश्रूषा व्हावी, आणि पांढऱ्यावर तांबडा क्रूस असलेल्या ठिकाणावर हल्ला होऊ नये. पण कागदावरचा करार कुणीतरी पाळावा लागतो. इथं तो दोन्ही बाजूंनी पाळला.

संकट टळलं मात्र नव्हतं. खिडक्यांच्या काचा फुटल्या. एक तोफगोळा छप्पर फोडून खाली आला, फरशीला तडा गेला; पण गोळा फुटला नाही. नंतर मनोऱ्यात दडलेले दोन जर्मन सैनिक खाली उतरून शरण आले. त्यांनाही कुणी इजा केली नाही. गाव या हातातून त्या हातात जात राहिलं. त्या दिवसांत सुमारे ऐंशी जखमींवर इथं उपचार झाले. त्यांत गावचं एक लहान मूलही होतं.

२०१३ साली राइट वारले. त्यांना याच चर्चच्या आवारात चिरविश्रांती मिळाली. फुटलेल्या काचांच्या जागी आता रंगीत काचा आहेत. बाकं मात्र तीच आहेत, आणि त्यांच्या लाकडात मुरलेले रक्ताचे डाग अजून दिसतात. गुरुजी, त्या डागांत अमेरिकन रक्त कोणतं आणि जर्मन कोणतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.