पोट लहान झाल्यावर (भाग ६) : हा थकवा कितव्या आठवड्यातला?

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला दहा-बारा दिवस झालेले असतात. जखमा सुकत आलेल्या, वजन पाच-सहा किलो उतरलेलं, घरात आनंद. आणि ज्याचं ऑपरेशन झालं तो माणूस आंघोळ करून येतो आणि पलंगाच्या कडेला नुसता बसून राहतो. शर्टाची बटणं लावायचंही त्राण उरलेलं नसतं. अंग हलकं होईल या आशेवर एवढा मोठा निर्णय घेतलेला, आणि अंग तर शिशासारखं जड झालेलं. आहारतज्ज्ञ म्हणून मी या लोकांबरोबर काम करते. किती किलो कमी झालं हे ते उत्साहाने सांगतात. थकव्याचं मात्र उठता उठता, दाराशी पोचल्यावर, हळूच विचारतात : "मॅडम, एवढं गळून जाणं बरोबर आहे का?"

तेव्हा मी उलट विचारते, ऑपरेशनला किती आठवडे झाले? पहिल्या महिन्यातल्या आणि सहाव्या महिन्यातल्या थकव्याची कारणं वेगळी असतात. पहिला बहुतेक वेळा ओसरतो. दुसरा आपोआप जात नाही, त्याचं कारण शोधावं लागतं.

पहिल्या महिन्याचा हिशेब साधा आहे. मागच्या भागात पाहिलं तसं, स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा जवळजवळ ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. जठराच्या बायपासमध्ये त्याहून लहान पिशवी उरते आणि अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग ओलांडून पुढे जातं. दोन्हींत सुरुवातीचे आठवडे पातळ आहाराचे. दिवसभरात पोटात जातात जेमतेम ४०० ते ६०० कॅलरी. शंभर-सव्वाशे किलोच्या देहाला एरवी दोन हजारांच्या वर लागतात. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर काही दिवसांत संपते, आणि त्या साखरेने धरून ठेवलेलं पाणी व क्षार लघवीवाटे निघून जातात. पहिल्या आठवड्यात झरझर उतरणाऱ्या वजनात या पाण्याचा वाटा मोठा असतो. मग शरीर चरबी जाळायला लागतं. या बदलात डोकं जड होतं, तोंडाला वास येतो, चिडचिड होते, हातपाय गळतात. त्यात भूल, जखमा भरून येण्याची मेहनत आणि अपुरी झोप. दोन-तीन आठवड्यांनी हे कमी होऊ लागतं आणि सहा ते आठ आठवड्यांत बहुतेकांना स्वतःत फरक जाणवतो.

तोवर आपल्या हातात काय आहे? पहिलं म्हणजे पाणी. ऑपरेशननंतर पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागण्याच्या मोठ्या कारणांत पाणी कमी पडणं हे एक आहे. दिवसाला दीड ते दोन लिटर हवं, पण एका वेळी जेमतेम घोटभर मावतं. म्हणून बाटली शेजारी ठेवायची आणि दर काही मिनिटांनी एक घोट घ्यायचा. आपल्याकडे तांब्या उंच धरून वरून पाणी प्यायची पद्धत आहे. तसं पिताना पाण्याबरोबर हवा गिळली जाते आणि लहान झालेलं पोट त्या हवेनेच दुखतं. ही सवय काही महिने बाजूला ठेवा. लघवी गडद पिवळी होत असेल आणि उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर पाणी कमी पडतंय असं समजा. अंधारीचं दुसरं कारण जुन्या गोळ्या असू शकतात. रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधं जाड्या, भरपूर जेवणाऱ्या शरीरासाठी ठरवलेली होती. तोच डोस आता रक्तदाब किंवा साखर फार खाली आणू शकतो. घरी मोजून, आकडे लिहून डॉक्टरांना कळवा. स्वतःहून गोळी बंद करू नका आणि स्वतःहून चालूही ठेवू नका.

आता वरणाच्या पाण्याविषयी, कारण याबाबत घराघरांत मोठा गैरसमज आहे. आजारी माणसाला भाताची पेज आणि वरणाचं पाणी द्यायचं, हे आपल्या आज्या-पणज्यांपासून चालत आलंय. पहिल्या आठवड्यात ते ठीक. पण डाळ खाली बसते आणि वरचं पिवळं पाणी वाटीत येतं. त्यात हळद, मीठ आणि माया असते, प्रथिनं फारशी नसतात. या काळात दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. ती मिळाली नाहीत तर शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं आणि जिना चढताना मांड्या थरथरतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण अठरा. दोन-तीन घासांत पोट भरत असेल तर पहिला घास प्रथिनाचाच हवा : घट्ट शिजवून घोटलेली डाळ, दही, अंडं, मासा. तरीही आकडा गाठला जात नाही, म्हणून प्रोटीन पावडर सांगितली जाते. तिला 'जिमवाल्यांचं खाणं' म्हणून नाक मुरडणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत. त्यांना विनंती, ती या काळात औषधासारखीच आहे.

विश्रांतीचंही सांगायला हवं. दिवसभर पडून राहिलं तर थकवा वाढतो, शिवाय पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका. घरातल्या घरात पाच-दहा मिनिटं, दिवसातून अनेक वेळा चाला. मात्र चालणं वेगळं आणि राबणं वेगळं. आठव्या दिवशी ओट्याशी उभी राहून सगळ्यांच्या पोळ्या लाटणारी बाई भेटली की मला तिच्या घरच्यांचा राग येतो. भरलेली कळशी, सिलिंडर, नातवंड उचलणं चार ते सहा आठवडे पूर्ण बंद. झोपेत श्वास अडकतो म्हणून यंत्र लावत असाल, तर वजन उतरायला लागलं म्हणून ते कपाटात टाकू नका. ते कधी थांबवायचं हे तपासणीनंतर डॉक्टर ठरवतील.

आणि मन. काहींना या काळात विनाकारण रडू येतं. वर्षानुवर्षं दमून घरी आल्यावर ज्या ताटाने धीर दिला ते ताट अचानक काढून घेतलेलं असतं. यात लाजण्यासारखं काही नाही. दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.

आता तिसऱ्या महिन्यानंतरचा थकवा. मधे बरं वाटलेलं असतं, आणि मग पुन्हा धाप लागते, केस गळतात, पायाला मुंग्या येतात. इथे 'अशक्तपणा आलाय' म्हणून टॉनिकची बाटली आणू नका, रक्त तपासा. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि त्यासाठी जठरातलं आम्ल लागतं. बायपासमध्ये तो भाग वगळला जातो, स्लीव्हमध्ये आम्ल घटतं. पाळी येणाऱ्या बायकांना दुहेरी फटका. नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका; शिल्लक साठा सांगणारी फेरिटिनची तपासणीही करून घ्या. बी-१२ जीवनसत्त्व शोषायला जठरात तयार होणारं एक प्रथिन लागतं. आपल्याकडे अनेक शाकाहारी माणसांचं बी-१२ ऑपरेशनआधीच कमी असतं, त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं घेतलेली मेटफॉर्मिन ते आणखी घटवते. 'माझं स्लीव्ह आहे, बायपास नाही, मला गोळ्या कशाला' हे चूक आहे. गोळ्या दोघांनाही, आणि जन्मभर. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. चहासोबत लोह घेणं म्हणजे बरंचसं वाया घालवणं. गुडघा दुखतो म्हणून दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी, विशेषतः बायपास झालेल्यांच्या पोटात, व्रण होऊन आत रक्त जाऊ शकतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, पण डांबरासारखं चिकट झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोड खाल्ल्यावर तास-दोन तासांनी घाम, थरथर, डोळ्यांवर झापड, असं होत असेल तर साखर एकदम वर जाऊन धपकन खाली येत असते. अशा वेळी घरचे 'ताकद येईल' म्हणून रोज गूळपाणी पाजतात आणि चक्र पुन्हा सुरू होतं. साबुदाण्याच्या खिचडीवर काढलेल्या उपवासाचंही असंच. एकादशी पुढच्या वर्षी करा.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी लिहिते आहे. अशक्तपणा वाटला की जवळच्या दवाखान्यात जाऊन 'एक सलाईन लावा' म्हणायची आपल्याकडे सवय आहे. या ऑपरेशननंतर ती महागात पडू शकते, ते असं. शरीरात बी-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा साठा फक्त दोन-तीन आठवड्यांपुरता असतो. रोज उलट्या होणाऱ्या आणि काही न खाणाऱ्या माणसात तो लवकर संपतो. पांढऱ्या तांदळाच्या पेजेतून तो भरून येत नाही, कारण पॉलिश करताना थायमिन कोंड्याबरोबर निघून जातं. जावा बेटावर डच डॉक्टर आइकमन यांना पॉलिश केलेल्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्या लुळ्या पडलेल्या दिसल्या, त्याचं कारण हेच होतं. त्या कामासाठी १९२९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. साठा संपलेल्या माणसाला आधी थायमिन न देता ग्लुकोजचं सलाईन लावलं, तर उरलंसुरलं थायमिन ते ग्लुकोज वापरण्यात खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. दोन-दोन दिसायला लागतं, चालताना तोल जातो, माणूस असंबद्ध बोलतो. वेळेवर थायमिनचं इंजेक्शन मिळालं तर हे टळतं. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

दम लागणं, छातीत दुखणं, ताप, एका पोटरीला सूज, बसल्या जागी नाडी १२० च्या वर जाणं, किंवा दिवसभर न थांबणारी उलटी यांना थकवा समजून घरी बसू नका. ऑपरेशन केलेल्या सर्जनना रात्री-अपरात्री फोन करा.

आज एक काम करा. एका कागदावर आपलं ऑपरेशन कोणतं झालं, कोणत्या तारखेला, सर्जनचा फोन नंबर, आणि खाली ठळक अक्षरांत 'ग्लुकोजआधी थायमिन' एवढं लिहून पाकिटात ठेवा. कुठल्याही दवाखान्यात सलाईनची सुई टोचण्याआधी तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.