कप्पे अनेक, आवृत्ती एक

एकाच संगणकावर अनेक सर्व्हर परस्परांपासून विलग ठेवण्याची कल्पना जुनी आहे. १९७९च्या युनिक्समधील 'सीएच-रूट' ही सोय एखाद्या प्रोग्रामला फायलींच्या ठरावीक शाखेबाहेर पाहू देत नसे, मात्र सर्वाधिकारी 'रूट' वापरकर्त्याला तिने पुरता लगाम घातला नव्हता. ही उणीव पाउल-हेनिंग काम्प यांनी फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीसाठी रचलेल्या आणि मार्च २०००मधील ४.० आवृत्तीत दाखल झालेल्या 'जेल' या सुविधेने भरून काढली. स्वतःच्या फायली, स्वतःचा आयपी पत्ता आणि स्वतःचा रूट असलेल्या या कप्प्यात रूटचे अधिकार कप्प्यापुरतेच चालतात. कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, मात्र सर्वांना मिळून एकच असतो.

विलगीकरण साधले, पण त्यातूनच देखभालीचा अधिक चिवट प्रश्न उभा राहिला. प्रत्येक कप्प्यात प्रणालीची वेगळी प्रत ठेवली, तर चाळीस कप्प्यांच्या चाळीस प्रती होतात आणि त्यांतील काही हळूहळू मागे पडतात. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएल या सांकेतिक लायब्ररीतील 'हार्टब्लीड' दोष उघड झाला, तेव्हा फ्रीबीएसडी १०.० सोबत येणारी प्रत सदोष होती आणि ९ मालिकेसोबतची, जुनी असल्यामुळेच, त्यातून सुटली होती. शिवाय एखाद्या कप्प्यात हीच लायब्ररी पॅकेज म्हणून निराळी बसवलेली असू शकत होती, त्यामुळे नोंद नसलेल्या व्यवस्थापकाला धोका नेमका कोठे आहे हे एकेक कप्पा उघडल्याविना कळणे अशक्य होते.

यावरचा उपाय 'ईझीजेल'सारख्या साधनांनी रूढ केला. मूळ प्रणालीची एकच प्रत, म्हणजे 'बेसजेल', राखली जाते आणि 'नलएफएस' या सोयीने ती प्रत्येक कप्प्यात केवळ वाचता येईल अशी जोडली जाते. कप्प्याच्या मालकीची राहतात ती त्याची मांडणी, पॅकेजे आणि विदा. पॅकेजांतील एकवाक्यतेसाठी 'पुड्रिएर' हे साधन ती कोऱ्या जेलमध्ये बांधून एक खासगी भांडार तयार करते आणि सर्व कप्पे त्यातूनच घेतात. झेडएफएस फाइलप्रणालीतील 'क्लोन' क्षणात होतात म्हणून अनेकांना तेच पुरेसे वाटते; पण मुळातील पुढचा बदल क्लोनपर्यंत आपोआप पोहोचत नाही, त्यामुळे तो मार्ग सुरुवातीला सोपा आणि नंतर खर्चिक ठरतो.

अद्ययावत करण्याचा क्रमही ठरलेला आहे. जुने प्रोग्राम नव्या कर्नलवर सहसा चालतात, उलट तसे होईलच असे नाही. म्हणून आधी यजमान संगणकाचा कर्नल आणि मग बेसजेल. त्यानंतर सेवा पुन्हा सुरू कराव्या लागतात, कारण लायब्ररीची फाइल बदलली तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्राम स्मृतीतील जुनीच प्रत वापरत राहतो आणि तपासणीत आकडा मात्र नवा दिसतो.