वाऱ्यावर थंड होणारं इंजिन

१९६९ ते १९७६ या काळात पोर्शे आणि फोक्सवॅगन या जर्मन कंपन्यांनी मिळून ‘९१४’ ही स्पोर्ट्स कार काढली. तिच्या इंजिनाला रेडिएटरच नाही! पंख्याचा वारा आणि ऑइल, एवढ्यावरच ते थंड होतं.

कमी खर्चात तिची ताकद कशी वाढवतात, ठाऊक आहे? दोन लिटरच्या इंजिनातले ९४ मिलिमीटर व्यासाचे पिस्टन काढून ९६ चे बसवायचे, सिलिंडरसकट. पिस्टनची धाव तीच, ७१ मिलिमीटर. सिलिंडर चार. करा बरं गणित! १९७१ घनसेंटिमीटरचे होतात २०५६!

पण थांबा! जास्त इंधन जळलं की उष्णताही वाढते. इंजिनाभोवतीच्या पत्र्यांत फट राहिली, तर वारा भलतीकडेच जातो आणि इंजिन तापून निकामी होतं. म्हणून हुशार मेकॅनिक आधी पंखा नि पत्रे तपासतो. ताकद नंतर, आधी थंड डोकं!