पाणी कधी येणार?

छत्रपती संभाजीनगरात कुठल्याही गल्लीत हा प्रश्न विचारा, उत्तर तयार असतं. उद्या सकाळी, परवा रात्री, शेजारच्या गल्लीत आज आलं, आपल्याकडे परवा. पैठणच्या नाथसागरातून उपसून आणलेलं पाणी नळाला रोज येत नाही, त्यामुळे ड्रम, टाकी आणि टँकरवाल्याचा नंबर हे घरोघरचं सामान. अशा शहरातलं एखादं कुटुंब भाऊबीज उरकून गाडीत बसतं, रात्रभर प्रवास करून घाट उतरतं आणि सकाळी मालवणच्या धक्क्यावर उभं राहतं. तिथे कानावर पहिलं काय पडतं? एक होडीवाला दुसऱ्याला विचारत असतो, "पाणी कधी भरतला?"

प्रश्न तोच. फक्त इथे पाणी सोडणारा चंद्र आहे, आणि तो कधी नागा करत नाही.

दिवाळीच्या सुट्टीतलं मालवण म्हणजे नुसती झुंबड. धक्क्यावर सिंधुदुर्गाच्या होडीसाठी रांग, "स्कूबा, स्नॉर्कलिंग, पॅरासेलिंग" अशा आरोळ्या, एमएच २० पासून केए २२ पर्यंत सगळ्या पाट्यांच्या गाड्या, खाज्याच्या दुकानापुढे गर्दी, आणि घरगुती खानावळीत "दोन सुरमई थाळी, एक शाकाहारी" अशी भरघोस भाषा. वाटतं, याला काही शिस्त नाही. शिस्त आहे. रापणीचं जाळं कधी ओढायचं, होडी कातळांमधल्या कोणत्या वाटेने काढायची, देवबागजवळचा वाळूचा पट्टा पर्यटकांना कधी दाखवायचा, पोरांना कधी पाण्यात सोडायचं, या सगळ्याचं वेळापत्रक एकच आहे. ते कुठल्या फलकावर लावलेलं नसतं, पण आपल्या घरातल्या भिंतीवर मात्र टांगलेलं असतं. कालनिर्णय.

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पोचलात तर तृतीया. तीन पावणे सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि त्याआधी सहा-सव्वासहा तास, सकाळी आठच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, दशमीला साडेसातला. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, बंदर बदललं की आणखी थोडा फरक पडतो. पण खिशात मोबाइल नसलेल्या माणसाला एवढी अचूकता पुरेशी होती.

हे जमतं कसं? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तोवर चंद्रही आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा डोक्यावर गाठायला पृथ्वीला रोज सुमारे 50 मिनिटं जास्त फिरावं लागतं. म्हणून चंद्राचा दिवस 24 तास 50 मिनिटांचा, आणि त्यात दोन भरत्या. एका भरतीपासून दुसरी साधारण 12 तास 25 मिनिटांनी. पाऊणपटीच्या हिशेबात दर तिथीला 45 मिनिटं धरली जातात. खरा आकडा त्याहून पाचेक मिनिटांनी मोठा. तोंडी गणितासाठी कुणीतरी ही तडजोड केली, आणि ती इतकी सोयीची निघाली की टिकली.

दोन भरत्या का, एकच का नाही, हा प्रश्न शाळेत विचारायचा राहून जातो. चंद्राकडे तोंड करून असलेल्या बाजूचं पाणी त्याच्याकडे ओढलं जातं, हे पटतं. पण त्याच वेळी पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूलाही पाणी चढतं ते कशामुळे? कारण ओढीपेक्षा ओढीतला फरक महत्त्वाचा. जवळच्या पाण्यावर चंद्राची ओढ जास्त, पृथ्वीच्या मध्यावर त्याहून कमी, पलीकडच्या पाण्यावर सर्वांत कमी. जवळचं पाणी पृथ्वीच्या पुढे जाऊ पाहतं, पलीकडचं मागे रेंगाळतं, आणि दोन्ही बाजूंना फुगवटा येतो. सूर्यही हेच करतो, पण चंद्राच्या निम्म्याहूनही कमी जोराने. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत येतात तेव्हा उधाण, अष्टमीच्या सुमाराला काटकोनात असतात तेव्हा भांग. उधाणाचा जोर अमावास्येनंतर दिवस-दोन दिवस टिकून असतो. म्हणजे आपलं तृतीयेचं कुटुंब चांगल्या मुहूर्तावर आलं आहे: समुद्र भरपूर मागे जाणार आणि भरपूर पुढे येणार. दुपारी सव्वादोनला चंद्र जवळपास माथ्यावर असतोच, उन्हात दिसत नाही इतकंच.

सकाळी आठची ओहोटी वाया घालवू नये. बहुतेक लोक तेव्हा आंबोळी-चटणीवर असतात, त्यामुळे तारकर्लीचा किनारा रिकामा सापडतो. ओली, सपाट, घट्ट वाळू, आणि तिच्यावर मोहरीपासून मटारापर्यंतच्या आकाराचे वाळूचे हजारो गोळे. नीट पाहिलं तर ते विस्कटलेले नसतात. मध्ये बोटही धड जाणार नाही एवढं भोक, त्यापासून निघालेल्या रेषा, आणि रेषांच्या दोन्ही अंगांना गोळे: दिवाळीत दारात काढलेली ठिपक्यांची रांगोळीच. श्वास रोखून पाच मिनिटं बसलं की कारागीर बाहेर येतो. बोटाच्या पेराएवढा खेकडा, रंग वाळूचाच, त्यामुळे हलला तरच दिसतो. तो नांग्यांनी वाळू तोंडात भरतो, कणांना चिकटलेलं सूक्ष्म शेवाळ आणि सेंद्रिय गाळ चाटूनपुसून घेतो, उरलेल्या वाळूचा गोळा करतो आणि बाजूला सारतो. एकदा चाखलेली वाळू पुन्हा चाखायची नाही, म्हणून गोळे. खाणावळीत उष्टं वेगळं ठेवण्याची ही पद्धत आपल्याहून जुनी असावी. सावली पडली की सगळे एका क्षणात गडप. भरतीचं पाणी जवळ आलं की हा गडी भोकात उतरतो, वरून वाळूचं झाकण लावतो आणि हवेच्या एका कप्प्यात पुढच्या ओहोटीची वाट बघत बसतो. दिवसातून दोनदा रांगोळी पुसली जाते, दिवसातून दोनदा नवी. पाण्याची वेळ त्याला तिथीशिवाय कळते.

ती वाळू हातात घेऊन पाहा. फिकट, जवळजवळ पांढरी. वेरूळ, अजिंठा, देवगिरी पाहून वाढलेल्या डोळ्यांना दगड म्हणजे काळा असंच वाटत असतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचा काळा कातळ तयार झाला. कैलास लेणं त्यातच कोरलंय. हा कातळ कोकणातही उतरतो, म्हणून अलिबाग-मुरुडकडची वाळू काळपट. पण मालवणच्या परिसरात त्याचं राज्य संपतं. इथे जांभ्याखाली त्याहून कितीतरी जुने, गारगोटीने भरलेले खडक आहेत, आणि गारगोटी झिजली की पांढरी वाळू होते. रात्रभरच्या प्रवासात आपण लाव्ह्याच्या एका अवाढव्य पसाऱ्याची कड ओलांडून आलो, हे पायाखाली बघून कळतं.

आणखी एक गोष्ट मराठवाड्यातून येणाऱ्याने इथे तपासून पाहावी. आपल्या रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आपलं शहर साडेपाचशे मीटरच्या वर आहे. ती सपाटी नेमकी कुठे आहे? धक्क्यावर उभं राहून बोट दाखवा बघू. सकाळी पाणी खाली, दुपारी वर. ज्याला सपाटी म्हणावं अशा जागी ते फक्त जाता-येता असतं. देशाची ही शून्य उंची नऊ बंदरांवर वर्षानुवर्षं घेतलेल्या भरती-ओहोटीच्या नोंदींची सरासरी काढून ठरवली गेली, आणि 1909 मध्ये तिच्यावर उंचीमापनाचं जाळं पक्कं झालं. म्हणजे देवगिरीच्या माथ्याची उंचीसुद्धा अखेर कुठल्या तरी बंदरातल्या पाण्याच्या चढउतारावर टेकलेली आहे.

अकरा वाजले की वारा फिरतो. भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेले खारे वारे नि मतलई वारे इथे अंगाला लागतात. जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, समुद्रावरची गार हवा आत येते, रात्री उलट. शिडाच्या होड्यांच्या काळात कोळी पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर जात आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतत. इंधन फुकट, वेळ पाळली तर.

भरती चढत असताना किल्ल्यावर जायची होडी धरावी. कुणी घाई केली तर होडीवाला शांतपणे सांगतो, "पाणी येवंदे, मगे जावया." कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचं काम सुरू केलं, ज्या खडकाशी पूजा झाली तो मोरयाचा धोंडा आजही किनाऱ्यावर दाखवतात. तट सुमारे तीन किलोमीटरचा, वेडावाकडा, आणि दरवाजा असा बेमालूम लपवलेला की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. होडीतून तटाचा पायथा मात्र जरूर पाहा. ओहोटीला तिथे कालवांचा आणि शेवाळाचा काळपट पट्टा उघडा पडतो. त्याची वरची कड म्हणजे भरतीने भिंतीवर मारलेली खूण.

आत गेल्यावर आपल्याकडच्या माणसाचे पाय आपोआप विहिरींपाशी थांबतात. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. मलिक अंबरने बांधलेल्या नहरींच्या शहरातून आलेल्यांना पाणी दुरून आणावं लागतं हे ठाऊक असतं. इथे तर आणायला दूर असं काही नाहीच. हे पाणी येतं पावसाचं, आणि या जिल्ह्यात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, आपल्या चौपटीहून अधिक. ते खडकाच्या भेगांत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्याने त्याच्यावर तरंगून राहतं. लहान बेटांचा ढोबळ नियम असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक मीटर असेल तर खाली जवळपास चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी तग धरू शकतं. सिंधुदुर्गाचा खडक पक्का, त्यामुळे पाणी भेगांपुरतंच, पण तत्त्व तेच. जास्त उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं. शेकडो माणसांच्या शिबंदीने ते कसं जपून वापरलं असेल, याचा अंदाज आपल्याला इतरांपेक्षा लवकर येतो.

दुपारनंतर पाणी ओसरायला लागलं की पोहण्याचा उत्साह आवरावा. परतणाऱ्या लाटांचं पाणी वाळूच्या उंचवट्यांमधल्या खाचेतून एकवटून आत धावतं. गंमत अशी की जिथे लाटा फुटत नाहीत, पाणी शांत दिसतं, नवखा माणूस तिथेच उतरतो, आणि ओढ तिथेच असते. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंज देऊ नका. किनाऱ्याला समांतर हात मारत त्या पट्ट्याबाहेर या.

संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव. ताजे बांगडे, सौंदाळे, एखादी भली मोठी सुरमई. बोली इतकी भराभर चालते की आपल्याला फक्त शेवटचा आकडा ऐकू येतो. पश्चिमेला तृतीयेची कोर टेकलेली असते, आणि चंद्र क्षितिजाकडे झुकला म्हणजे पाणीही तळाकडे निघालेलं. दुपारी माथ्यावर असताना भरती, मावळताना ओहोटी: दिवसभरात हे स्वतःच्या डोळ्यांनी जुळवता येतं, दुर्बीण लागत नाही.

मालवणला उधाणाच्या दिवशी हा चढउतार दोन-अडीच मीटरचा. मुंबईत चार-पाच मीटर. खंबातच्या आखातात दहा मीटरच्याही वर, कारण आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं आणि आत शिरलेल्या पाण्याला वर चढण्यावाचून जागा उरत नाही. या आखातापाशीच मराठवाड्याचा समुद्राशी जुना संबंध निघतो, आणि तो सुट्टीचा नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत, 'पेरिप्लस'मध्ये, पैठणचं नाव आहे: भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. तिथून अकीकासारखे खडे आणि तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून, कापड गाड्यांत लादून भडोचला जाई. त्याच पुस्तकात नर्मदेच्या मुखाशी येणाऱ्या भयंकर भरतीचं वर्णन आहे. तिथे नवखी जहाजं गाळात रुततात, उलटतात. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी होड्या घेऊन त्यांना सामोरे जात, भरती लागताच जहाज ओढत नदीत वर नेत, आणि ओहोटी लागली की ठरलेल्या खोल डोहात नांगर टाकून थांबवत. पैठणचा माल वीस दिवस बैलगाडीत हिंदकळून बंदरात पोचला, तरी तो चढवायला आलेलं जहाज नदीत कुठे तरी डोहात उभंच असायचं, पुढच्या पाण्याची वाट बघत.